जैसलमेरचे रस्ते : विहिरीपासून सरहद्दीपर्यंत

जैसलमेरहून पश्चिमेकडे निघालेला प्रत्येक पक्का रस्ता आज कोठेतरी संपतो. समच्या वाळूच्या टेकड्या सुमारे चाळीस किलोमीटरवर आहेत. बहुतेक पर्यटक तेथूनच माघारी फिरतात. रामगढवरून पुढे गेले की सुमारे एकशेवीस किलोमीटरवर तनोटचे मंदिर लागते. नैर्ऋत्येकडचा रस्ता म्याजलारपर्यंत जातो. त्यापलीकडे सैन्याची ठाणी, आणि ठाण्यांपलीकडे भारत-पाकिस्तान सरहद्दीवरचे काटेरी कुंपण. आपण देशाच्याच नव्हे, तर जगाच्या कडेला येऊन पोहोचलो आहोत, असे तेथे उभ्या राहिलेल्या प्रवाशाला वाटले तर नवल नाही.

इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. ज्या दिशेला आज रस्ता संपतो, त्याच दिशेला एके काळी या शहराचा मुख्य दरवाजा होता. सिंध, मुलतान आणि त्याही पलीकडे कंदाहार-काबूलकडून येणारा माल जैसलमेरात उतरत असे आणि तेथून गुजरात, माळवा, अजमेर, दिल्ली या दिशांना जात असे. जेथे धड शेती नाही, बारमाही नदी नाही, वर्षाकाठी सरासरी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही, अशा जागी पिवळ्या दगडाचे इतके संपन्न शहर उभे कसे राहिले, या कोड्याचे उत्तर त्या शहरात नसून त्याच्या रस्त्यांत आहे. ते शहर पुढे ओस का पडू लागले आणि पुन्हा गजबजले का, याचेही उत्तर तेथेच आहे.

मजल आणि विहीर

वाळवंटातला जुना रस्ता म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याला खडी नव्हती, कडेचे दगड नव्हते, झाडांची रांग नव्हती. वारा सुटला की आदल्या दिवशीच्या पाऊलखुणाही पुसल्या जात. तरीही हे रस्ते शतकानुशतके तेच राहिले, कारण ते जमिनीवर आखलेले नसून विहिरींवर आखलेले होते. ओझ्याच्या उंटांची कतार दिवसाकाठी तीस-चाळीस किलोमीटर चालते. तेवढ्या अंतरावर पाणी असेल तर तो रस्ता. नसेल तर ते नुसते रान. मराठीत 'मजल' हा शब्द एका दिवसाच्या चालीसाठी वापरतात. थरच्या वाळवंटात प्रत्येक मजलेच्या शेवटी एक विहीर, टांके किंवा तळे असावे लागे. बिकानेरच्या उत्तरेला लूणकरणसर, पूर्वेला नापासर, खुद्द जैसलमेरच्या वेशीवर गडीसर, अशी तळ्याचा निर्देश करणारी 'सर' अखेरची नावे त्या प्रदेशात जागोजाग आढळतात, ती याचीच साक्ष देतात.

मोठमोठ्या सैन्यांनाही हा नियम मोडता आला नाही. १०२५ साली गझनीचा महमूद मुलतानहून सोमनाथकडे निघाला, तेव्हा वाळवंट ओलांडण्यासाठी त्याने हजारो उंटांवर पाणी लादून घेतले होते, असे इतिहासकार नोंदवतात. शेरशहाकडून पराभूत झालेला हुमायून १५४२ साली याच मुलखातून उमरकोटकडे गेला. त्या प्रवासाच्या वृत्तांतात जैसलमेरच्या हद्दीतील विहिरी वाळूने बुजवलेल्या आढळल्याची नोंद आहे. वाळवंटात रस्ता बंद करण्याची ही रीत होती. वाटेवर नाका बसवावा लागत नसे, भिंत घालावी लागत नसे. विहीर बुजवली की रस्ता बुजला. तहानेने व्याकूळ झालेला तो तांडा कसाबसा उमरकोटला पोहोचला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथे अकबराचा जन्म झाला.

जैसलमेरच्या भाटी राजांना हे मर्म नीट ठाऊक होते. त्यांची आधीची राजधानी लोद्रवा सपाट जागी होती आणि वारंवारच्या स्वाऱ्यांना बळी पडत होती. म्हणून रावळ जैसल याने ११५६ साली तेथून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधला. राजधानी हलली, परंतु रस्त्यापासून दूर गेली नाही. चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या नावाने तळे झाले आणि मजलेच्या शेवटी हमखास पाणी असलेले ठिकाण अशी जैसलमेरची ख्याती पक्की झाली. किल्ला संरक्षण देई, तळे पाणी देई, आणि या दोहोंच्या मोबदल्यात दरबार येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर 'दाण' म्हणजे जकात घेई. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतसाऱ्यातून नव्हे, तर या जकातीतून येत असे.

अफूची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रस्त्यांनी जे रूप घेतले, त्याचा मुंबई आणि दमण यांच्याशी थेट संबंध आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. माळव्यात पिकणारी अफू चीनला पाठवण्याचा व्यापार तेव्हा तेजीत होता. ही अफू मुंबई बंदरातूनच जावी आणि तिच्यावर आपल्याला परवान्याचे शुल्क मिळावे, अशी ईस्ट इंडिया कंपनीची खटपट होती. ते शुल्क चुकवण्यासाठी व्यापाऱ्यांनी एक विलक्षण वळसा शोधला. माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, जैसलमेरहून वाळवंट ओलांडून कराची आणि तेथून गलबतांनी पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमण, असा तो मार्ग होता. माळव्याहून दमण तसे जवळ. परंतु मधला मुलूख कंपनीच्या सत्तेखालचा. म्हणून शेकडो मैलांची तंगडतोड करून अफूच्या पेट्या उंटांच्या पाठीवरून सिंधच्या किनाऱ्याला जात.

जैसलमेरात आज ज्या पटव्यांच्या हवेल्या पाहायला लोक रांगा लावतात, त्या याच काळातल्या आहेत. जरीच्या व्यापारातून आणि सावकारीतून वर आलेल्या गुमानचंद पटव्याच्या घराण्याने पाच हवेल्या बांधल्या. दगडात कोरलेल्या त्या जाळ्या आणि झरोखे बघताना एक गोष्ट विसरली जाते. हे सारे वैभव वाळवंटाने दिलेले नाही. वाळवंटातून जाणाऱ्या मालाने दिलेले आहे. पेढी जैसलमेरात असली तरी तिची हुंडी दूरदूरच्या गावी वटत असे, म्हणूनच त्या हवेल्यांचे सज्जे इतके नक्षीदार झाले.

रस्ता फिरला की शहर फिरते

परंतु अशा वैभवाचा पाया दुसऱ्याच्या हाती असतो. १८१८ साली महारावळ मूलराज याने कंपनीशी तह केला, तेव्हा राज्य सुरक्षित झाले. व्यापार मात्र झाला नाही. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि अफूचा तो वळसा एका फटक्यात निरर्थक ठरला. कराचीही कंपनीची झाल्यावर मुंबईचे शुल्क चुकवण्यासाठी वाळवंट तुडवण्यात काही हशील उरले नाही. दहा वर्षांनी, १८५३ साली, मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८६१ साली कराची ते कोटरी लोहमार्ग झाला. आगबोट आणि आगगाडी यांनी मिळून भारताच्या व्यापाराचे तोंड वाळवंटाकडून समुद्राकडे वळवले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जोधपूर संस्थानचा लोहमार्ग सिंधला जोडला गेला, परंतु तो गेला बाडमेरवरून. जैसलमेर त्या मार्गाच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरवर राहिले. एवढे अंतर व्यापारी शहराला मारायला पुरेसे होते. ज्या आगगाडीने मुंबईला मोठे केले, त्याच आगगाडीने जैसलमेरला लहान केले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. माहेश्वरी आणि ओसवाल घराणी एकामागून एक गाव सोडू लागली. जबलपूरच्या ज्या घराण्यात पुढे सेठ गोविंददास झाले, त्याचे मूळ जैसलमेरचे. वऱ्हाड-खानदेशातील गावोगावच्या पेठांत मारवाडी दुकाने उभी राहिली, त्यामागेही राजस्थानातल्या जुन्या वाटा सुन्या पडल्याचे एक कारण आहे. आपण त्यांच्याकडे येथे आलेले व्यापारी म्हणून पाहतो. तेथून का निघावे लागले, हे सहसा विचारीत नाही.

वाटेवरची गावेही याच काळात खंगली. जैसलमेरपासून अठरा-वीस किलोमीटरवरचे पालीवाल ब्राह्मणांचे कुलधरा गाव ओसाड कसे झाले, याची एक कथा सांगितली जाते. दिवाण सालिमसिंग याच्या जुलमामुळे सारे गाव एका रात्रीत उठून गेले, असे ती कथा सांगते. जुलूम खराच होता. परंतु पावसाचे वाहते पाणी बांध घालून अडवणारी आणि त्या ओलीवर गहू पिकवणारी 'खडीन' शेती ज्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्या लोकांनी गाव सोडण्यामागे एका रात्रीपेक्षा अधिक काही असले पाहिजे. पाणी आटणे, कर वाढणे आणि व्यापार ओसरणे ही संकटे त्या काळात एकत्र आली होती. शापाची कथा पर्यटकाला आवडते. अभ्यासकाने मात्र रस्त्याकडे आणि विहिरीकडेही पाहिले पाहिजे.

सरहद्द

१९४७ साली जे झाले ते रस्ता फिरणे नव्हते. रस्ता तुटणे होते. उमरकोट पाकिस्तानात गेले आणि जैसलमेर भारतात राहिले. लोद्रव्याच्या मूमलला भेटण्यासाठी उमरकोटचा महेंद्र रातोरात उंटावरून येई, ही लोककथा दोन्हीकडे आजही गायली जाते. तो ज्या वाटेने येत असे ती वाट आता आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडते. भारत स्वतंत्र झाला तेव्हा जैसलमेर संस्थानात लोहमार्ग नव्हता. जवळचे स्थानक शंभर किलोमीटरहून दूर, जोधपूर संस्थानातील पोकरण येथे होते. ३० मार्च १९४९ रोजी बृहत् राजस्थानात हे संस्थान विलीन झाले, तेव्हा नव्या राज्याला मिळाले ते तिन्ही बाजूंनी आडवळणी आणि चौथ्या बाजूने बंद असे शहर.

मग रस्ते आले ते युद्धामुळे. १९६५ च्या युद्धात तनोट, किशनगढ, घोटारू ही नावे देशाला प्रथमच नीट ऐकू आली. सैन्य, शिधा आणि पाणी सरहद्दीवर पोहोचवायचे तर उंटांवर विसंबून चालणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्यानंतर काही वर्षांतच पोकरणहून लोहमार्ग जैसलमेरला आला. डांबरी रस्ते सरहद्दीकडे सरकू लागले. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने या भागात पुढे मोठे काम केले.

रस्त्याचे मोल काय असते, हे ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालात दिसून आले. रामगढमार्गे जैसलमेरवर चालून येण्याचा पाकिस्तानी सैन्याचा बेत होता. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या सुमारे शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर ते ठाणे लढवले. रस्ता सोडून वाळूत उतरलेले रणगाडे रुतून बसले आणि उजाडताच जैसलमेरच्या तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी त्यांना टिपले. जवानांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु वाळवंटाचा जुना नियम त्या दिवशीही तसाच लागू होता: ज्याला तेथली जमीन ठाऊक नाही, त्याला ती जाऊ देत नाही.

रस्ता टिकवणे हेही तेथे एक युद्धच असते. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून वारा सुटतो आणि टेकडीची वाळू एका रात्रीत रस्त्यावर येते. जोधपूरच्या केंद्रीय मरुक्षेत्र संशोधन संस्थेने १९५९ पासून या प्रश्नावर जे काम केले, ते मोलाचे आहे. टेकडीच्या अंगावर वाऱ्याला आडव्या झुडपांच्या ओळी लावायच्या, त्यांच्या आडोशाला रोपे धरायची, मुळांनी वाळू बांधून ठेवायची, ही त्यातली मुख्य रीत. १९८७ च्या सुमारास मोहनगढपर्यंत आलेल्या इंदिरा गांधी कालव्याने त्याला पाण्याचीही जोड दिली. हिमालयातील नद्यांचे पाणी सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून थरमध्ये पोहोचले, ही अभियांत्रिकीची थोर कामगिरीच होय.

पुन्हा गजबज, आणि तिची किंमत

रस्ता आला तसा प्रवासीही आला. सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा चित्रपट १९७४ साली आला आणि बंगाली पर्यटकांनी जैसलमेर जणू नव्याने शोधून काढले. २०१३ साली राजस्थानातील अन्य किल्ल्यांसह जैसलमेरच्या किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पठाणकोटहून अमृतसर, बिकानेर, जैसलमेर, बाडमेर करीत कच्छच्या तोंडाशी जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १५ आता ११ आणि ६८ यांसह वेगवेगळ्या क्रमांकांत विभागला गेला आहे. २०१७ साली मंजूर झालेल्या भारतमाला योजनेने सरहद्दीलगतच्या रस्त्यांना आणखी चालना दिली. म्हणजे शहर पुन्हा रस्त्यावर आले. फरक एवढाच, की पूर्वी माल शहरातून जात असे, आता पाहुणा शहरापर्यंत येतो आणि परत जातो.

या बदलाची किंमतही मोजली पाहिजे. घागरीघागरीने पाणी भरणाऱ्या वस्तीसाठी बांधलेल्या किल्ल्यात नळ आले, हॉटेले आली आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले. १९९६ सालीच धोक्यातील वास्तूंच्या जागतिक यादीत या किल्ल्याचे नाव आले होते. गडीसर तळ्याचे दुखणे वेगळे आहे. तळ्यात पाणी आणून सोडणाऱ्या उताराच्या जमिनीला राजस्थानात 'आगोर' म्हणतात; ती मोकळी आणि स्वच्छ ठेवणे हा तेथला जुना दंडक. अनुपम मिश्र यांनी १९९३ च्या आपल्या 'आज भी खरे हैं तालाब' या पुस्तकात दाखवून दिले, की विमानतळ आणि वाढते शहर या आगोरावर आले आणि पावसाचे पाणी तळ्याची वाट चुकले. जेथे पूर्वी रस्ता पाणी शोधीत जाई, तेथे आज रस्ता पाण्याच्या आड येतो.

उंटाचेही तेच. ज्याच्या पाठीवर हे शहर उभे राहिले, त्याला राजस्थानने २०१४ साली राज्यपशूचा मान दिला. परंतु २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख असलेले उंट २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. मालवाहतूक ट्रककडे गेली आणि चराईची राने आक्रसली, तेव्हा मान देऊन उंट वाचत नाही. तो पाळणाऱ्या रायका-रेबारी समाजाचा चरितार्थ चालेल, तरच तो वाचेल.

कोणासाठी रस्ता?

यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की सरहद्दीचे रस्ते आवश्यक आहेत याबद्दल दुमत असू नये. सुमारे चारशे सत्तर किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सीमा असलेल्या जिल्ह्यात ते नसते तर देश उघडा पडला असता. परंतु सैन्याचा रस्ता ठाण्यापर्यंत जातो, गावकऱ्याला तो शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत हवा असतो. जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ गोव्याच्या दहापट आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथे दर चौरस किलोमीटरला अवघी सतरा माणसे राहतात. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने वाळवंटी भागासाठी लोकसंख्येची अट पाचशेऐवजी अडीचशे केली, हे योग्यच झाले. पण जेथे लोक विखुरलेल्या ढाण्यांत राहतात, तेथे अडीचशेची वस्तीही मोठी ठरते. सपाट मुलखासाठी केलेले माप थोडे सैल करून वाळवंटाला लावण्याऐवजी, वाळवंटाचे माप वेगळे धरले पाहिजे. किती माणसे, हा प्रश्न तेथे दुय्यम आहे. पाणी, शाळा आणि दवाखाना यांपासून ती किती अंतरावर आहेत, हा प्रश्न मुख्य.

दुसरा निष्कर्ष आगोर आणि 'ओरण' यांचा. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आपल्याकडच्या देवराईसारखे. तेथे कुऱ्हाड चालत नाही आणि दुष्काळात गुरांना तोच आधार असतो. महामार्ग असो, पवनचक्क्यांकडे जाणारी वाट असो वा विजेच्या तारांची रांग असो, आखणी करताना सरकारी दप्तरात ही जमीन 'पडीक' म्हणून दिसते. गावाच्या स्मरणात ती पडीक नसते. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या स्मरणाला विचारण्याची सक्ती असावी, एवढी मागणी वाजवी आहे. त्यासाठी फार पैसा लागत नाही.

तिसरा मुद्दा नाजूक आहे. उमरकोटकडच्या सोढा राजपुतांना आपल्याच कुळात लग्न वर्ज्य असल्यामुळे त्यांची सोयरीक पिढ्यानपिढ्या राजस्थानातील घराण्यांशी होत आली. १९६५ साली तुटलेला मुनाबाव-खोखरापार लोहमार्ग २००६ साली, म्हणजे तब्बल एकेचाळीस वर्षांनी, पुन्हा सुरू झाला तेव्हा लेकी माहेरी येऊ लागल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ती गाडी बंद झाली. दोन देशांतल्या वैराची कारणे खरी आहेत आणि देशाच्या सुरक्षिततेपुढे भावनेला मुरड घालावी लागते, हेही खरे. तरीही आजारी आईला भेटायला निघालेली लेक आणि शस्त्र घेऊन येणारा घुसखोर यांत भेद करणारी एखादी अरुंद वाट शिल्लक ठेवणे प्रगल्भ राज्याला अशक्य नसावे. शत्रूला अडवण्यासाठी विहीर बुजवली, तर पाण्यावाचून आपलाही वाटसरू तडफडतो.

जैसलमेरला आज रस्त्यांची वाण नाही. आठशे वर्षांत नव्हते इतके चांगले रस्ते आज तेथे आहेत. परंतु जुन्या वाटेच्या प्रत्येक मजलेला एक विहीर होती आणि ती कोणी राखायची हे गावाला ठाऊक होते. नव्या रस्त्याच्या प्रत्येक मजलेला काय असेल आणि ते कोण राखील, हे ठरवण्याचे काम अजून व्हायचे आहे.